उताऱ्यावरचं नाव

मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून यादी वाचायची, हा आमच्या गावातला अलीकडचा विरंगुळा. कुणीतरी पोरगा मोबाईलवर पीएम किसानची साईट उघडतो. राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव, मग तालुका, मग गाव. एकेक दाबत गेलं की शेवटी गावातल्या लाभार्थ्यांची यादी येते. नाव, आणि नावापुढं पुरुष की स्त्री, एवढंच. नावं इंग्रजीत असतात आणि ती वाचताना पोरं मुद्दाम साहेबासारखी जीभ वळवतात. गेली चाळीस वर्षं ज्याला गाव एका हाकेवर ओळखतं, त्या माणसाचं पूर्ण नाव हे असं आहे, हे पुष्कळांना त्या यादीमुळंच कळलं.

माझ्या दृष्टीनं ती यादी म्हणजे गावाचा एक्स-रे आहे. माणूस दिसत नाही, हाडं दिसतात. हा तर गोव्यात हॉटेलात असतो, याचं नाव कसं? आजोबांच्या नावावरची जमीन अजून फोडलेली नाही, म्हणून त्या चौघा भावांपैकी एकाचंही नाही. ही म्हातारी पुण्याला लेकाकडं असते, तिचं आहे. आणि जो आत्ता या क्षणी कट्ट्यावर आपल्याबरोबर बसून गुडघ्यावरचा चिखल नखानं खरवडतोय, त्याचं नाही.

तो म्हणजे अण्णा. तो माझा सख्खा कुणी नव्हे, पण लहानपणापासून मी त्याला अण्णाच म्हणत आलो. आमची अडीच एकर तो अर्ध्या वाट्यानं करतो. यादी वाचून होईपर्यंत तो शांत बसतो आणि शेवटी दर वेळी विचारतो, "माझं हाय काय रे बघ त्यात?" पोरं हसतात. तोही हसतो. नसणार हे त्याला ठाऊक आहे, तरी विचारतो.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला. अजून थोडं पुढं गेलं की चंदगड तालुका आणि महाराष्ट्र. मधे खांब नाही, तार नाही. बेळगुंदीकडून तुडयेकडं जाताना रस्त्याचा डांबर बदलतो तेवढीच हद्द. इकडं भात आणि रताळी, तिकडंही भात आणि रताळी. मे महिन्यात कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी इकडं आणि तिकडं एकाच आठवड्यात होते. रोहिणी कोरड्या गेल्या तर शिव्या एकाच भाषेत पडतात. सरकार मात्र दोन. त्यामुळं काय होतं ते पुढं आत्याच्या निमित्तानं सांगतोच.

आमच्या अडीच एकरांपैकी खालची पट्टी भाताची, वरचा माळ रताळ्यांचा. ही जमीन मुळात आमची नव्हे. आजोबा कूळ होते. जमीन शहापूरच्या एका सावकाराची. देवराज अर्स मुख्यमंत्री असताना कर्नाटकात कूळकायद्याची मोठी दुरुस्ती झाली. १ मार्च १९७४ पासून कुळांकडं असलेली जमीन सरकारात जमा झाली, आणि कसणाऱ्यानं ट्रिब्युनलपुढं अर्ज करून ती आपल्या नावावर मागायची होती. तो अर्ज म्हणजे फॉर्म नंबर सात. आमच्या घरात 'फॉर्म नंबर सात' हे शब्द देवाच्या नावासारखे उच्चारले जात. आजोबांना सही येत नव्हती. ते अंगठा देऊन आले, साक्षीदार म्हणून शेजारच्या शेतातले दोघं तालुक्याला गेले, आणि काही वर्षांनी जमिनीच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव लागलं. त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली होती, असं आई सांगते. आईचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे तिनंही ते कुणाकडून तरी ऐकलेलंच. पण पुरणपोळीचं वर्णन ती स्वतः लाटल्यासारखं करते.

त्याच कायद्यानं पुढं जमीन कुळाला कसायला देण्यावर बंदी आली. कागदावर बंदी. शेतात कुठली आलीय! म्हातारपण येतं, पोरं शहरात जातात, जमीन कुणीतरी करायलाच लागते. मग ती तोंडी दिली जाते. वडिलांचा गुडघा गेला तेव्हा त्यांनी अण्णाला जमीन दिली. बी-खत निम्मं निम्मं, मजुरी त्याची, माल निम्मा. हिशोब खळ्यावर. कागद करायचा नाही. का नाही, ते वडील एकदाच बोलले होते, तेही हळू आवाजात, "कागद झाला की उद्या कूळ लागलं म्हणतील."

ज्या घराला जमीन कुळ म्हणून मिळाली, त्याच घराला एका पिढीत कुळाची भीती वाटायला लागली. हे मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं या दोन-दोन हजारांच्या निमित्तानं ते परत वर आलं.

पीएम किसान २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच होती, त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीनंतर ती मर्यादा काढली. ज्याच्या नावावर शेतजमीन तो शेतकरी, अशी सोपी व्याख्या. इन्कम टॅक्स भरणारा चालत नाही, महिना दहा हजारांच्या वर पेन्शन घेणारा चालत नाही. म्हणजे मी चालत नाही. माझा टॅक्स पगारातूनच कापून जातो. वडील चालत होते. त्यावर कर्नाटकातल्या येडियुरप्पांच्या सरकारनं राज्याचे आणखी चार हजार घातले. केंद्राचे सहा, राज्याचे चार. वडील त्यांना 'दिल्लीचे' आणि 'बेंगळूरचे' म्हणायचे. दिल्लीचे वेळेवर येतात, बेंगळूरचे जरा रमतगमत येतात, हे त्यांचं निरीक्षण.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस असा काही लागला की मार्कंडेय नदी पात्रात मावेना. बेळगाव जिल्ह्यानं २०१९ चा पूर अजून विसरलेला नाही. कृष्णाकाठ, घटप्रभेचा काठ तर वाहूनच गेला होता. आमचं त्या मानानं काहीच नाही. खालची पट्टी आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिली आणि पोटरीला येणारं भात कुजलं. पाणी ओसरल्यावर त्या वासानं बांधावर उभं राहवत नव्हतं. नंतर भरपाई आली. केंद्राच्या तेव्हाच्या निकषाप्रमाणं कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० आणि वर राज्यानं जाहीर केलेले १० हजार. जमा झाली वडिलांच्या खात्यावर, कारण उतारा त्यांच्या नावावर. वडिलांनी बँकेतून पैसे काढले, चहाच्या टपरीवर अण्णाला बोलावलं आणि निम्मे मोजून दिले. बोलणं काही झालं नाही. अण्णानं नोटा न मोजता खिशात घातल्या. मी शेजारी होतो. सरकारची कुठलीही योजना इतक्या बिनचूकपणे राबवलेली मी त्यानंतर पाहिलेली नाही.

२०२१ च्या दिवाळीनंतर वडील गेले.

महिना-दीड महिना झाला असेल. नव्या वर्षाचा पहिला दिवस. वडिलांचा मोबाईल आईनं चार्ज करून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला असायचा. का, ते आम्ही विचारलं नाही. दुपारी तो वाजला. दोन हजार जमा. १ जानेवारी २०२२ ला दहावा हप्ता देशभर सोडला होता, त्यात वडिलांचाही आला. आई मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "त्यांना अजून कळलं नाही वाटतं." 'त्यांना' म्हणजे सरकारला. मेच्या शेवटी अकरावाही आला. मग ई-केवायसी सक्तीची झाली आणि वडिलांचा अंगठा मागितला गेला. बारावा आला नाही. आकाशातून माणूस उतरून अंगठा देणार नाही, ही खात्री करून घ्यायला सरकारला दहा-अकरा महिने लागले. पण चार हजार चूक होते आणि ते परत करायला लागले. भरले. पावती फाईलला लावली. त्या फाईलमध्ये आता आजोबांच्या फॉर्म सातची झेरॉक्स, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि मेलेल्या माणसानं सरकारला परत केलेल्या पैशांची पावती, अशी तीन पिढ्यांची गंमत आहे.

मग सुरू झालं आईचं नाव लावायचं प्रकरण. वारसाची नोंद. कर्नाटकात तिला पौती म्हणतात. मराठीतला फौती तो हाच, मूळ अरबी, फारसीतून आलेला, म्हणजे मयत. हे शब्दांचं एक अजब आहे. बाहेर रस्त्यावर १ नोव्हेंबरला एकीकडं कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी माणसांच्या काळ्या दिनाची फेरी, आणि आत भूमापन खात्यात मात्र शब्द सगळे मिसळलेले. उताऱ्याला कन्नड शेतकरीही उतारा म्हणतो. आकारबंद, पोटखराब, फोडी हे शब्द हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालतात. कन्नड कारकून ज्याला के.जे.पी. के.जे.पी. म्हणतो, त्याची फोड मला पुष्कळ दिवसांनी कळली. कमी-जास्त पत्रक! मुंबई राज्यातून १९५६ साली हा जिल्हा इकडं आला तेव्हा माणसांबरोबर दप्तरही आलं, आणि दप्तराला कुणी भाषांतर करून घेतलं नाही. सीमाप्रश्नावर लिहायला बसलो तर हा लेख संपायचा नाही, म्हणून इथंच थांबतो.

तर, आईचं नाव. उतारा कन्नडमध्ये निघतो. नोंद झाली तेव्हा आईच्या नावाला कुणीतरी आदरानं 'बाई' जोडलं. आधारवर 'बाई' नव्हतं. पासबुकावर वडिलांचं नाव मधे होतं, आधारवर नुसतं आद्याक्षर. आता कर्नाटकात शेतकऱ्याला एफआयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख नंबर, काढावा लागतो. उतारा, आधार आणि खातं यांची गाठ त्या नंबरात मारलेली असते. तो नंबर नसेल तर पीएम किसान नाही, पीककर्ज नाही, रयत संपर्क केंद्रातलं सवलतीचं बियाणं नाही. आणि गाठ मारताना नावं जुळावी लागतात. आईला 'बाई' कुणी केलं हे शोधायला मी चार रजा टाकल्या.

पण आमचं दुःख फारच किरकोळ. खरे हाल झाले ते ज्ञानेश्वरांचे. हा वारकऱ्यांचा पट्टा, दर चार घरांमागं एक ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत लिहिताना मास्तरांनी सुरुवात केलेली डी-एन-वाय-ए अशी. आधार काढताना मशीनवर बसलेला मुलगा कन्नड शाळेत शिकलेला. त्यानं त्याच्या जिभेप्रमाणं जे-एन-ए लिहिलं. बँकेतल्या तिसऱ्यानं जी-एन-ए. एकाच माणसाचे तीन ज्ञानेश्वर झाले आणि कॉम्प्युटर म्हणाला, हे एकमेकांना ओळखत नाहीत. गंमत अशी की कन्नडात आणि मराठीत हे जोडाक्षर एकच आहे. ज आणि ञ. लिपी वेगळी, पण घडण तीच. कागद नुसता कन्नडात राहिला असता किंवा नुसता मराठीत, तरी ज्ञानेश्वर अखंड राहिला असता. तो फुटला इंग्रजीत. आमच्या गल्लीतल्या एका ज्ञानेश्वरानं शेवटी गॅझेटमध्ये नाव छापून घेतलं. दोन हजारांसाठी त्याचा त्याहून जास्त खर्च झाला असणार. पण तो म्हणाला, "पैशाचं जाऊ दे, मी मीच हाय हे तरी ठरलं."

मधे २७ फेब्रुवारी २०२३ आला. पीएम किसानचा तेरावा हप्ता पंतप्रधानांनी बेळगावातून सोडला. आठ कोटींहून जास्त शेतकरी, सोळा हजार कोटींच्या वर रक्कम, आणि बटण आमच्या बेळगावात. शहरात रस्ते बंद, झेंडे, माणसं. मी ऑफिसला वळसा घालून गेलो. आईनं टीव्हीवर बघितलं. आईचं प्रकरण तेव्हा 'पेंडिंग' होतं. तिनं संध्याकाळी विचारलं, "बटण हितंच दाबलंय न्हवं? मग आपल्याला एवढ्या जवळनं कसं आलं नाही?" यावर काय सांगणार!

तिचा पहिला हप्ता आला वर्षभरानं. सोळावा, २८ फेब्रुवारी २०२४. त्या दिवशी बटण दाबलं यवतमाळला.

आता आत्या. वडिलांची धाकटी बहीण, दिलीय चंदगड तालुक्यात. आमच्या माळावर उभं राहिलं तर तिच्या गावची टेकडी दिसते. मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, माघारी जमीन तिच्या नावावर. महाराष्ट्रानं २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर केला, केंद्राच्या सहा हजारांवर राज्याचे सहा. वर्षाला बारा हजार. नेमक्या त्याच वर्षी कर्नाटकात सरकार बदललं आणि राज्याचे ते चार हजार बंद झाले. म्हणजे हद्दीच्या अलीकडं दहाचे सहा आणि पलीकडं सहाचे बारा. यवतमाळच्या त्या कार्यक्रमात नमोचे दोन हप्ते एकदम सोडले होते. आईचा फोन एकदा वाजला, आत्याचा फोन वाजतच राहिला. दोन आणि चार, सहा हजार.

आत्यानं लगेच फोन केला. "वैनी, किती आलं गं?"

"दोन."

"आमाला सहा."

आई गप्प. मग आई म्हणाली, "आमाला म्हैन्याला गृहलक्ष्मीचं दोन हजार असतंय." आत्या गप्प. गृहलक्ष्मी कर्नाटकाची, आणि महाराष्ट्राची लाडकी बहीण तेव्हा यायची होती. ती आली, पंधराशेची, तेव्हा सामना परत रंगला. आई म्हणते, आमचे दोन हजार. आत्या म्हणते, तुमचे तीन-तीन महिने तुंबतात. आई म्हणते, आमच्या पंपाच्या मोटारीला दहा एचपीपर्यंत वीज फुकट. आत्या म्हणते, आता आमचीपण साडेसातपर्यंत फुकट हाय, २०२४ पासनं. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली तेव्हा तर आईनं आत्याला विजयी मुद्रेनं सांगितलं, "तुमच्या सरकारचा दवाखाना आमालापण." दोघी नणंदा-भावजया सत्तरीच्या आसपास, दोघींना लिहिता-वाचता जेमतेम, पण दोन राज्यांच्या अर्थसंकल्पांची इतकी बारीक तुलना मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचलेली नाही.

हे सगळं चालू असताना मी अण्णाकडं बघायचो. फोन वाजला, फोन वाजला, अशी ही सगळी चर्चा, आणि यातला एकही फोन त्याचा नाही. त्याच्या बायकोला गृहलक्ष्मी मिळते, ती रेशनकार्डावर. शेतकरी म्हणून त्याला काय?

मी विचार करत गेलो तेव्हा लक्षात आलं की त्यालाही मिळतं, पण ते वाजत नाही. युरियाचं पोतं घ्या. पंचेचाळीस किलोचं, २६६ रुपये ५० पैसे. वर्षानुवर्षं तीच किंमत. सरकारला ते पोतं याच्या कित्येक पटींना पडतं, वरचा सगळा फरक अनुदान. देशातल्या शेतीवरच्या अनुदानातला फार मोठा वाटा हा असा पोत्यात शिवून येतो आणि कुणी त्याला अनुदान म्हणत नाही. म्हणतात, "खत महागलं." (युरिया महागत नाही, डीएपी महागतो, पण तो वाद दुकानात घालू नये.) त्या पोत्याला उतारा लागत नाही. २०१८ पासून मशीनवर अंगठा लागतो, पण तो कुणाचाही चालतो. जो घ्यायला आला त्याचा. तसंच मोटारीचं. आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, अजून वडिलांच्या नावावर आहे, पण वीज फुकट मिळते ती रात्री अडीचला थ्री फेज आल्यावर उठून मोटार चालू करणाऱ्याला. तसंच दुधाचं. राज्य सरकार लिटरमागं पाच रुपये प्रोत्साहन देतं, ते डेअरीत दूध घालणाऱ्याच्या खात्यावर. अण्णाची एक म्हैस, दोन गाई. म्हैस कुणाच्या उताऱ्यावर आहे असं डेअरीवाला विचारत नाही.

पण जिथं जिथं पैसा पैसा म्हणून येतो, तिथं तिथं उतारा. हप्ता उताऱ्यावर. पुराची भरपाई उताऱ्यावर. सोसायटीचं शून्य टक्क्याचं पीककर्ज, आता पाच लाखांपर्यंत केलंय, तेही उताऱ्यावर. पीकविमा उताऱ्यावर. अण्णाला भांगलणीला पैसे कमी पडले की तो शेकड्याला तीन रुपये महिना अशा व्याजानं उचल घेतो, आणि त्याच शेताच्या उताऱ्यावर माझ्या आईला सोसायटी बिनव्याजी कर्ज द्यायला तयार असते, जे तिला नको असतं.

हे मला एकदा नीट दिसलं आणि मग झोप लागेना. मी आहेच जरा असा. एखादी गोष्ट समजली की ती लगेच दुसऱ्याला समजावून सांगायची घाई होते. दुसरा म्हणजे आई. सुगीच्या दिवसांत एका रविवारी गावी गेलो. आई पाखडत बसली होती. मी सुरू केलं. आजोबा कूळ होते. कसेल त्याची जमीन म्हणून आपल्याला मिळाली. आज कसतोय अण्णा. बाबांनी पुराचे निम्मे दिले होते. मग पीएम किसानचे दोन हजार आले की त्यातला हजार अण्णाला द्यावा, असं माझं म्हणणं.

आईनं सूप थांबवलं नाही. "का?"

"अगं, ते शेतकऱ्यासाठी आहेत."

"मग मी कोण?"

मी म्हटलं, तू आहेसच, पण आता शेतात कोण जातं?

आता सूप थांबलं. "चाळीस वर्षं कोण गेलं? तुला पाटीत निजवून रोप कुणी लावलं? तवा उताऱ्यावर नाव कुणाचं? आज्ज्याचं. मग तुझ्या बाबाचं. मी हुतो काय कुठं त्या उताऱ्यात? आता ते गेले म्हणून माझं नाव लागलं. जलमात पहिल्यांदा माझ्या नावानं पैसा येतोय. आणि तू सांगाय आलास निम्मा दे म्हणून."

मी काहीतरी पुटपुटलो. न्याय वगैरे शब्द त्यात होता बहुतेक.

"अण्णाला द्यायचं तर तुझ्या पगारातनं दे की," आई म्हणाली आणि परत पाखडायला लागली. कोंडा उडून माझ्या अंगावर आला. तो मुद्दाम उडवला की वारा तसा होता, सांगता येत नाही.

देवळाच्या कट्ट्यावरची यादी मी तोपर्यंत अण्णाच्या बाजूनं वाचत होतो. नावापुढं पुरुष की स्त्री लिहिलेलं असतं, आणि स्त्रिया किती कमी आहेत, आणि ज्या आहेत त्या बहुतेक विधवा आहेत, हे मला आईनं कोंडा उडवेपर्यंत दिसलं नव्हतं. नवरा असेपर्यंत बाई शेतात असते, उताऱ्यात नसते. ती उताऱ्यात येते ते पौतीतून. अण्णाची बायको तर कुठल्याच कागदात यायची शक्यता नाही. भात लावताना गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकलेली असते ती, आणि मी इथं अण्णावरच लेख लिहितोय.

आई त्या दोन हजारांचं काय करते, हे मी हळूच शोधून काढलं. काहीच करत नाही. पासबुक भरून आणायला लावते आणि रक्कम बघते. एकदा त्यातून तिनं अण्णाच्या नातवाला शाळेचं दप्तर घेतलं. मला सांगितलं नाही, अण्णाच्या बायकोकडून कळलं. हे मी केलं असतं तर त्याला निम्मा वाटा म्हटलं असतं. तिनं ते दप्तर म्हणून दिलं.

राहिला माझा पगार. टोमणा लागला होता, म्हणून यंदा पाऊस धरल्यावर भाताला वरखत घालायची वेळ आली तेव्हा अण्णाला म्हटलं, या वेळी युरिया सगळा माझ्याकडून. निम्मा निम्मा नको. तो नको नको म्हणाला, मग आला. दुकानात गर्दी. युरिया आलाय म्हटल्यावर तासाभरात संपतो. दुकानदारानं चार पोत्यांबरोबर नॅनो युरियाच्या दोन बाटल्या पुढं सरकवल्या. घेतल्याच पाहिजेत असं तो म्हणाला नाही, पण बाटल्या मागंही घेईना. अण्णानं त्याच्याकडं बघितलं, बाटल्या परत सरकवल्या. हे दोन-तीनदा झालं. शेवटी एक बाटली घेऊन तह झाला.

मग मशीन. अण्णानं अंगठा ठेवला. लाल. पुसून ठेवला. लाल. दुसरा हात. लाल. आयुष्यभर चिखलात आणि विळ्यावर घासलेल्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत. मागून रांग कुरकुरायला लागली. दुकानदार मला म्हणाला, "सर, तुमीच ठेवा की. कुणाचापण चालतोय."

मी ठेवला. कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्या माणसाचा अंगठा, रेषा न् रेषा शाबूत. पहिल्याच वेळी हिरवा. पावती बाहेर आली, वर माझं नाव. युरिया, चार पोती. इन्कम टॅक्स भरतो म्हणून जे सरकार मला शेतकरी मानत नाही, त्याच्या खताच्या खात्यात मी आता शेतकरी होतो.

अण्णानं दोन पोती त्याच्या एम-एटी दुचाकीवर टाकली, दोन माझ्या गाडीच्या डिकीत. पावती माझ्या हातात होती.

"ही ठेव तुझ्याकडं," मी म्हटलं.

"कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"मग मला काय करायची?" असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.